'नाण्याला दोन बाजू असतात'च्या पुढे काय? मुलांना युक्तिवाद लिहायला कसं शिकवायचं?

खडूफळा

नमस्कार मंडळी. मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला मराठी शिकवतो. विषय वैचारिक निबंधाचा आहे. इथे बरेच शिक्षक आणि पालक आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

'मोबाइल : शाप की वरदान' हा विषय दिला की वर्गातल्या सगळ्या वह्यांत एकच निबंध येतो. 'आजचे युग हे विज्ञानयुग आहे' ही सुरुवात. मग फायदे. मग 'परंतु प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात'. मग तोटे. शेवटी 'अति तेथे माती' आणि 'वापर कसा करायचा हे आपल्याच हाती आहे'. अक्षर बरं असेल तर आठपैकी सहा. शाप की वरदान असं विचारलं होतं, उत्तर आलं 'होय'.

हीच पोरं कबड्डीत पाय बोनस रेषेपलीकडे गेला होता की नाही यावर बिनतोड भांडतात. मातीत ठसा कुठे उमटलाय, कोण कुठे उभं होतं, मागच्या डावात अशाच वेळी तुम्ही काय मान्य केलं होतंत. पुरावा, साक्षीदार, आधीचा दाखला, सगळं हजर. वही उघडली की विज्ञानयुग सुरू.

परीक्षेचाही यात हात आहे. दहावीच्या कृतिपत्रिकेत शेवटी प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक यांपैकी कोणतंही एक लिहायचं असतं, आठ गुणांना. पोरं आत्मकथन उचलतात. फाटलेलं पुस्तक, बंद पडलेलं घड्याळ, वाळलेलं झाड, सगळे रडतात आणि गुण मिळवून देतात. म्हणजे 'माझं म्हणणं हे, आणि त्याचं कारण हे' असं एकदाही न लिहिता मूल दहावी पास होऊ शकतं.

म्हणून मी यंदा निबंध बाजूला ठेवून पत्र हातात घेतलं. विनंतीपत्र अभ्यासक्रमात आहेच, आणि त्यात समोर कुणीतरी माणूस असतो, ज्याच्या हातात 'हो' किंवा 'नाही' असतं. विषय मुलांनीच काढला. आमचं मैदान लग्नसराईत मांडवाला दिलं जातं आणि ते बंद व्हावं, असं त्यांचं म्हणणं. पत्र शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना. पहिला खर्डा असा :

'खेळ हे विद्यार्थ्याच्या सर्वांगीण विकासाचे साधन आहे. निरोगी शरीरातच निरोगी मन वास करते. तरी आपण सहानुभूतीपूर्वक विचार करावा.'

मी फक्त विचारलं, अध्यक्षांना हे माहीत नाही का? मग सगळे मैदानावर गेले. दुसरा खर्डा :

'मागच्या लग्नसराईनंतर मांडवाच्या खांबांचे खड्डे तसेच राहिले. कबड्डीच्या मैदानातच अकरा आहेत. मार्च-एप्रिलमध्ये आमची परीक्षा आणि लग्ने एकाच वेळी असतात. पेपर चालू असताना डीजेची चाचणी सुरू होती.'

फरक दिसतोच आहे. पण पुढे गाडी अडली. 'समिती काय म्हणेल ते लिहा' म्हटलं, तर बहुतेकांनी लिहिलं, 'काही लोकांना पैशाची हाव असते.' विरुद्ध बाजू म्हणजे वाईट माणसं, एवढंच त्यांना माहीत. ती प्रामाणिकपणे मांडायला कसं शिकवावं? कुणी काही करून पाहिलं असेल तर सांगा.

रानभूल

अनुमोदन. मी शाळेत 'मी पंतप्रधान झालो तर' या विषयावर अख्ख्या देशातली गरिबी दोन पानांत हटवली होती. पैसे कुठून आणणार, असं कुणी विचारलं नाही. धागा वाचतोय.

लालशाई

खडूफळा सर, कळकळ पोचली. पण दुसऱ्या टोकाने सांगते, आयुष्यभर पेपर तपासलेत म्हणून. तुम्ही ज्या साच्याला हसताय, त्या साच्यावर वर्गातली निम्मी मुलं तरतात. घरात मराठीचं एक पुस्तक नाही, बोली वेगळी, प्रमाण भाषेतलं वाक्य जुळवतानाच दम लागतो, अशा मुलाला 'विज्ञानयुग' ही पहिली ओळ म्हणजे काठी आहे. ती काढून घेताना हातात दुसरं काय देणार?

आणि तपासणीची गोष्ट. गठ्ठा मोठा, वेळ थोडा. परीक्षक प्रस्तावना, मुद्दे, समारोप, शुद्धलेखन बघतो. ज्या मुलाने ठाम एक बाजू घेतली त्याला कुणीतरी 'एकांगी' असा शेरा मारून दोन गुण कापतो. असे शेरे मी वाचले आहेत. तुमच्या प्रयोगाची किंमत मुलांच्या गुणपत्रिकेतून वसूल व्हायला नको.

खडूफळा

लालशाई बाई, काठीचा मुद्दा एकदम मान्य. पण ती काठी चालायला उपयोगी पडते का, की फक्त धरून उभं राहायला? आमच्याकडची एक मुलगी, घरी पारधी बोली, लेखन फार कच्चं. खड्डे तिनेच मोजले. 'अकरा खड्डे आहेत' हे वाक्य तिला 'सर्वांगीण विकासा'पेक्षा सोपं गेलं. साधी वाक्यं लिहायला परवानगी मिळाली की कच्च्या मुलांना उलट सोपं जातं, असं मला दिसतंय.

गुणांचं मात्र तुम्ही म्हणता ते खरं आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

हडसनकाठी

न्यू जर्सीतून लिहितेय. मुलं इथल्या सार्वजनिक शाळेत, आणि रविवारी मी मंडळाच्या मराठी शाळेत शिकवते, म्हणून दोन्हीकडचं पाहते.

इथे बहुतेक राज्यांनी २०१० नंतर जो समाईक अभ्यासक्रम घेतला, त्यात पाचवीपर्यंत मुलांनी 'मत' लिहायचं आणि सहावीपासून 'युक्तिवाद'. म्हणजे दावा, त्याला कारणं, कारणांना पुरावा. सातवीत विरुद्ध दाव्याची दखल घ्यायची. विज्ञानातही तेच. प्रयोग झाला की दावा, पुरावा, आणि हा पुरावा त्या दाव्याला कसा धरून आहे त्याचं स्पष्टीकरण. तिसरी गोष्ट लिहिताना सगळी मुलं अडखळतात. पुरावा ठेवला की तो आपोआप बोलतो असं त्यांना वाटतं.

पण भारावून जाऊ नका, इथेही साचा आहेच. पाच परिच्छेद : प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप. आणि चौथ्या परिच्छेदात ठरलेलं वाक्य, 'काही लोक म्हणतील की..., पण ते चुकीचे आहेत.' माझ्या मुलाला विचारलं, हे काही लोक कोण रे? म्हणाला, 'कोणी नाही, टीचरला लागतात.' तुमची 'पैशाची हाव' आणि आमचे 'काही लोक' यांत फार अंतर नाही.

रविवारच्या वर्गात एक गोष्ट लक्षात आली. मुलांकडे मुद्दे असतात, पण मराठीत ते जोडायला सांधे नसतात. 'पण' आणि 'म्हणून' यांच्यावर सगळा संसार. 'हे खरं असलं तरी', 'एवढ्यावरून असं म्हणता येणार नाही', 'असं धरून चाललं तर', 'निदान', 'एरवी', 'उलट' हे शब्दप्रयोग भिंतीवर लावले आणि प्रत्येकाने एक तरी वापरायचा असं ठरवलं. 'एरवी' सगळ्यांचा लाडका झाला. आता जेवायच्या टेबलावर पण येतो.

पूर्वपक्ष

नावाला जागून लिहितो.

आपल्याकडे याची शिस्त फार जुनी आहे, शाळेत मात्र ती पोचलीच नाही. न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, अनुमान दुसऱ्याला पटवायचं तर पाच पायऱ्या सांगितल्या आहेत. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या डोंगरावर तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर आग आहे, हे निगमन. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ मध्ये रोजच्या व्यवहारातल्या युक्तिवादाची जी मांडणी केली, त्यातही दावा आणि पुरावा यांच्यामध्ये एक न बोललेला नियम असतो आणि सगळं त्यावर उभं असतं. हडसनकाठी ज्या तिसऱ्या गोष्टीबद्दल म्हणतात, ती हीच.

मुलं ती पायरी गाळतात. 'मोबाइलमुळे अभ्यास बिघडतो, कारण आमच्या शेजारच्या दादाचे गुण कमी झाले.' इथे 'ज्याच्या हातात मोबाइल त्याचे गुण कमी' हा नियम गुपचूप गृहीत धरलाय. तो फळ्यावर लिहून घ्या. पहिलं मूल हात वर करून म्हणेल, 'सर, माझ्या ताईकडे पण आहे, ती पहिली आली.' धूर दिसला पण आग नाही, म्हणजे नियम दुरुस्त करा. वर्ग तिथेच जागा होतो.

आता तुमचा खरा प्रश्न. जुन्या ग्रंथांत विरुद्ध बाजू आधी येते, तीही ताकदीने, म्हणून तिला पूर्वपक्ष म्हणतात. आपलं उत्तर नंतर. वर्गात नियम एवढाच करा : विरुद्ध बाजू तुम्ही लिहायची, पण ती बरोबर उतरली की नाही हे त्या बाजूच्या माणसाने ठरवायचं. तो 'हो, मी असंच म्हणतो' म्हणेपर्यंत खोडून काढायला परवानगी नाही. तुमच्या बाबतीत मुलांना समितीतल्या कुणाकडे तरी पाठवा, नाहीतर ज्यांच्या घरचं लग्न त्या मैदानावर झालंय त्यांच्याकडे.

तिरकस

हा नियम या संस्थळावर लागू केला तर उद्यापासून एकही धागा शंभरी गाठणार नाही. संपादक मंडळाने विचार करावा.

पाटीवाली

पूर्वपक्ष, छान लिहिलंत. मी प्राथमिकला आहे, पण सातवीच्या एका वर्गावर केलेला उद्योग सांगते.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात संख्यावाचन बदललं ते आठवतंय? सत्तावीसला 'वीस सात', त्रेपन्नला 'पन्नास तीन'. जुनी नावं पुस्तकातून काढली नव्हती, तरी राज्यभर गदारोळ झाला. बदलामागचं कारण साधं होतं. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. 'सत्तावीस' ऐकून लहान मूल आधी सात लिहितं आणि ७२ होतात. त्यात त्रेपन्न, एकोणसाठ, अठ्ठ्याऐंशी ही नावं कशी बनली ते आकड्यावरून कळत नाही. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी हे वेळोवेळी समजावून सांगितलं. इंग्रजीत आणि दाक्षिणात्य भाषांत दशक आधी बोलतात, हाही मुद्दा होता. विरोधकांचं म्हणणं, बाजारात, घरात, आजीच्या तोंडी सत्तावीसच आहे, मूल दोन भाषांत अडकेल, आणि अवघड वाटलं म्हणून भाषा सोपी करत गेलो तर उरणार काय.

आणि मग विनोद. आडनावांतल्या 'वीस'वरून इतके विनोद झाले की ते थेट विधानसभेत पोचले.

मी तेव्हाच्या प्रतिक्रिया चिठ्ठ्यांवर लिहून मुलांना दिल्या आणि दोन ढीग करायला सांगितले, कारण आणि टोमणा. टोमण्यांचा ढीग मोठा झाला, ते अपेक्षितच होतं. पण एक मुलगा म्हणाला, 'बाई, टोमण्यातही कारण लपलेलं असतं.' काढून दाखव म्हटलं. तो म्हणाला, 'आडनावावरून जो हसतो, त्याला म्हणायचंय की आकड्यांची नावं बाकीच्या भाषेतही गुंतलीत, एका पुस्तकात बदलून भागत नाही.' मग आम्ही टोमण्यांच्या ढिगातली प्रत्येक चिठ्ठी कारणात बदलून लिहायला घेतली. काहींचं झालं. काहींत लपलेलं काहीच नव्हतं, त्या केरात गेल्या. हा उद्योग कुठल्याही विषयावर चालतो. समोरच्याचं बोलणं त्याच्यापेक्षा नीट मांडायची सवय यातून लागते.

झणझणीत

ते वीस-सात प्रकरण मुळात चूकच होतं. आम्ही एकोणतीस, एकोणऐंशी घोकलंच ना? काही बिघडलं नाही कुणाचं.

पाटीवाली

झणझणीत, ही चिठ्ठी कोणत्या ढिगात टाकू? :) 'आम्ही शिकलो, आमचं बिघडलं नाही' असं म्हणणारे ते, ज्यांचं बिघडलं नाही. ज्यांना पाढ्यांपाशीच गणिताची धडकी भरली ते या चर्चेत कुठे येतात?

झणझणीत

बरं, हा घाव मान्य. पण मग ज्यांचं बिघडलं त्यांचं नावांमुळेच बिघडलं, याचा विदा (आकडेवारी) तुम्ही द्या. एकोणसाठला घाबरलेला मुलगा अपूर्णांकालाही घाबरतोच. पूर्वपक्षांच्या भाषेत, धूर आहे, पण तो याच आगीचा कशावरून?

पाटीवाली

हे मात्र कारणाच्या ढिगात. अगदी वरती ठेवते.

तिरकस

कुणीतरी हिंदीचा विषय काढा, म्हणजे धागा मूळ पदावर येईल.

गावकूस

तिरकस, नको. संपादकांना झोपू द्या.

माझी भर. नववीला महात्मा फुल्यांची १८८३ ची 'विद्येविना मती गेली' ही प्रसिद्ध ओळ भित्तिपत्रकावर होती. मुलं ती दरवर्षी भाषणात म्हणतात, टाळ्या घेतात आणि खाली बसतात. एकदा मी ती फळ्यावर बाण काढून मांडली. विद्या, मती, नीती, गती, वित्त. हा सुविचार नाही, कार्यकारणाची साखळी आहे, आणि साखळी म्हणजे प्रत्येक कडी तपासता येते. कोणती कडी सगळ्यात कच्ची वाटते ते लिहा, असं सांगितलं.

पोरं आधी बिचकली. फुल्यांना तपासायचं? मग एकाने लिहिलं, 'मतीविना नीती गेली हे पटत नाही. आमच्या गावचा सावकार चांगला शिकलेला आहे.' दुसरीने त्याला उत्तर लिहिलं की फुले सावकाराबद्दल बोलतच नाहीत, ज्याला सावकाराचा कागद वाचता येत नाही त्याच्याबद्दल बोलतात. तिसऱ्याने विचारलं, मग शेवटची ओळ 'एका अविद्येने' असं का म्हणते, जातीने नाही का केलं? यावर तास संपला तरी कुणी उठेना. फुल्यांचा मान यात कुठे कमी झाला असं मला वाटत नाही. ज्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगासमोर सरकारच्या शिक्षणखात्याचा मुद्देसूद हिशेब मांडला, त्यांना टाळ्यांपेक्षा हे आवडलं असतं.

नववीची आई

शिक्षक नाही, पालक म्हणून लिहिते. हे सगळं वाचायला छान वाटतं, पण आपल्या घरात मुलाने कारण विचारलं की त्याला 'उलट बोलणं' म्हणतात. मुलगी असेल तर जास्तच. माझी लेक वर्गात वाद घालायला शिकली आणि तेच घरी आलं. 'आजी, तू म्हणतेस ते मान्य, पण दादालाही हाच नियम का नाही?' सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी शाळेकडे बघितलं.

खोटं नाही सांगत, मला आतून बरं वाटलं. पण शिक्षकांनी हेही बघावं की मूल शाळेतून कारण घेऊन निघतं आणि घरी चपराक खाऊ शकतं. लिहिताना ज्याला पटवायचंय त्याचा आब राखून कसं लिहायचं, तेही शिकवा. ती शरणागती नाही. आजीला 'दुटप्पी' म्हटलं असतं तर बोलणं तिथेच संपलं असतं. 'मान्य, पण' म्हटल्यामुळे निदान उत्तर द्यावं लागलं. (उत्तर काय मिळालं ते विचारू नका.)

लालशाई

नववीची आई, तुमची लेक मला हवी माझ्या वर्गात.

खडूफळा सर, गुणांचं उत्तर तुमच्याकडे नाही म्हणालात, माझ्याकडे थोडं आहे. बोर्डाच्या पेपरात साचा राहू दे, पण आतला ऐवज बदला. सुरुवातीलाच आपली बाजू एका वाक्यात. मध्ये दोन कारणं, आणि प्रत्येकाखाली स्वतः पाहिलेली एक गोष्ट. मग विरुद्ध बाजूचं सगळ्यात जड कारण, हलकं नव्हे. त्याला उत्तर, किंवा उत्तर नसेल तर 'एवढ्यापुरतं ते बरोबर आहे' अशी कबुली. शेवट पाहिजे तर 'अति तेथे माती'ने करा, माझी हरकत नाही. विरुद्ध बाजू दिसली की 'एकांगी' शेरा मारायला जागाच राहत नाही. परीक्षक साचा शोधतो, त्याला तो मिळतो.

आणि वर्गात तपासताना एका वेळी एकच गोष्ट तपासा. या आठवड्यात फक्त पुरावा, पुढच्या आठवड्यात फक्त 'दुसरी बाजू'. शुद्धलेखनाचं लाल त्या दिवशी बंद. मी 'नीती'ची वेलांटी आधी बघायचे, हे खरंय, पण वेलांटीने भरलेल्या वहीत मुलाला स्वतःचा मुद्दा दिसत नाही.

खडूफळा

पूर्वपक्षांचा नियम लावून पाहिला. दोन मुलं आणि दोन मुली समितीतल्या एका सदस्यांच्या घरी गेल्या. त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न आमच्याच मैदानावर झालं होतं. चहा मिळाला, आणि तासभर ऐकायलाही मिळालं. परत आल्यावरचा खर्डा, त्यांच्या परवानगीने, शुद्धलेखन तेवढं मी नीट केलंय :

'मैदान लग्नाला देऊच नये असे आमचे आधी म्हणणे होते. पण तालुक्यातल्या कार्यालयाचे भाडे गावातल्या बहुतेकांना झेपत नाही, आणि मैदानाच्या भाड्यातूनच शाळेची पाण्याची मोटार दुरुस्त झाली, हे आम्हाला समितीच्या काकांनी सांगितले. ते आम्हाला मान्य आहे. अडचण लग्नाची नसून नंतरच्या खड्ड्यांची आहे, कारण ते बुजवणे कोणाचेच काम नाही. म्हणून भाड्याबरोबर अनामत घ्यावी, आणि खड्डे बुजवून झाल्यावर ती परत द्यावी. परीक्षेच्या दिवसांत मैदान देऊ नये. एरवी आमची हरकत नाही.'

'एरवी' हडसनकाठींच्या भिंतीवरून आलाय, हे सांगायला नको. 'पैशाची हाव' कुणी काढायला सांगितली नव्हती, ती त्यांनीच खोडली. वर्गात दोघांना मात्र हा खर्डा मान्य नाही. त्यांच्या मते आपण शेपूट घातली, मैदान शाळेचं आहे म्हणजे आहे. त्यांना वेगळं पत्र लिहायला सांगितलंय आणि ते जास्त जोरकस होईल अशी मला भीती आहे.

पत्रं जायच्या आधी त्यांना नकाराची सवय व्हावी असं वाटतं. लालशाई बाई, तुम्ही अध्यक्ष होऊन दोन्ही पत्रांना नकार देणारं उत्तर लिहाल का? कारणं खरी हवीत, पोरांना सहज खोडता न येणारी. झणझणीत, तुम्हीही लिहा, तुमचा हात चांगला आहे.

लालशाई

पाठवा दोन्ही. एक प्रश्न आधीच विचारून ठेवा त्यांना : अनामत परत देताना खड्डे बुजले की नाही हे बघायला कोण जाणार, आणि त्याने 'नाही' म्हटलं तर गावात भांडण कोण घेणार?

झणझणीत

मी तयार. माझं कारण ठरलंय : मोटार परत बिघडली तर पैसे कुठून आणायचे ते पत्रात कुठेच नाही.